पर्यटकांचे महाबळेश्वर आणि मधमाश्यांचे महाबळेश्वर

दिल्लीत कोपर्निकस मार्गावर महाराष्ट्र सदनाची जुनी वास्तू आहे. राज्याबाहेर महाराष्ट्राच्या शेतीची ओळख करून देताना हापूस, नागपुरी संत्री, नाशिकची द्राक्षे आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी ही नावे ओघानेच येतात. त्यांपैकी स्ट्रॉबेरीची गोष्ट थोडी वेगळी आहे. ती ज्या गावाच्या नावाने विकली जाते ते गाव आधी थंड हवेचे ठिकाण म्हणून प्रसिद्ध झाले. शेतमालाची कीर्ती नंतर आली. आज मात्र हे दोन्ही व्यवसाय एकमेकांत इतके गुंतले आहेत की एकाचे नुकसान दुसऱ्याला सोसावे लागते. या परस्परावलंबनाचा विचार शेतकऱ्यांनी आणि विस्तार कार्यकर्त्यांनी आताच करणे आवश्यक आहे.

महाबळेश्वराचे मूळ स्वरूप तीर्थक्षेत्राचे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या पाच नद्यांचे उगमस्थान म्हणून क्षेत्र महाबळेश्वरास यात्रेकरू येत. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८-२९ च्या सुमारास साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार करून हे पठार मिळविले आणि उन्हाळ्यासाठी वसाहत उभी केली. बाजारपेठेला माल्कमपेठ हे नाव त्यावरूनच पडले. बटाटा व विलायती भाजीपाल्याची लागवड येथे प्रथम वाढली ती या वसाहतीच्या गरजेपोटी, आणि तीत येथील तुरुंगातील चिनी बंदिवानांच्या श्रमाचाही वाटा होता. म्हणजे पाहुण्यांसाठी पीक घेण्याची परंपरा या डोंगरावर जवळजवळ दोनशे वर्षांची आहे.

पाचगणीची वाढ निराळ्या वाटेने झाली. जॉन चेसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे वसाहत केली व सिल्व्हर ओकसारखे परदेशी वृक्ष लावले. पुढे निवासी शाळा निघाल्या, क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम उभे राहिले. मुलांना भेटावयास येणारे पालक आणि हवापालटासाठी येणारी कुटुंबे यांमुळे गावाला वर्षभराची वर्दळ मिळाली. पसरणी घाटाचा रस्ता सुधारला, मोटारगाड्या वाढल्या, आणि मुंबई-पुण्यातील मध्यमवर्गीय कुटुंबाला दोन दिवसांची सहल परवडू लागली. साहेबांचे उन्हाळी ठिकाण अशा रीतीने आजीआजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांचे झाले.

या कुटुंबांना शेतीशी जोडले ते स्ट्रॉबेरीने. फळप्रक्रियेचा उद्योग पाचगणीत १९५९ मध्ये ‘मॅप्रो’च्या रूपाने सुरू झाला. पुढे स्वीट चार्ली, कॅमारोझा, विंटर डॉन यांसारखे अमेरिकी वाण रुजले, २०१० मध्ये महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले. भिलार हे स्ट्रॉबेरीचे गाव मे २०१७ मध्ये ‘पुस्तकांचे गाव’ झाले. आज रस्त्याकडेला गाडी थांबवून मुलांना शेतात नेणे, त्यांच्या हाताने फळ तोडून घेणे हा सहलीचा भाग झाला आहे. बाजार समितीत जाणारे फळ आणि बांधावरच विकले जाणारे फळ यांच्या दरातील फरक येथील शेतकरी चांगला जाणतो. २०२० मध्ये राज्याने कृषी पर्यटन धोरण स्वीकारले. या डोंगरावरील शेतकऱ्यांनी ते प्रत्यक्षात त्यापूर्वीच अंगीकारले होते.

या साखळीतील एक दुवा मात्र कोणत्याही माहितीपत्रकात दिसत नाही. स्ट्रॉबेरीचे फळ म्हणून आपण खातो तो फुलाचा फुगलेला देठाग्र असतो. त्यावरील बारीक दाणे ही खरी फळे. प्रत्येक दाण्याचे फलन झाले तरच त्याच्या सभोवतालचा गर नीट वाढतो. फलन अपुरे राहिले की फळ वाकडे, खाचा पडलेले, टोकाशी आकसलेले निघते. वारा काही परागकण वाहून नेतो, पण फुलाच्या सर्व बाजूंना परागकण पोहोचविण्याचे काम कीटक अधिक नेटकेपणाने करतात. पर्यटकाच्या टोपलीत जाणारे सुबक, लालबुंद फळ हे पुष्कळ अंशी सातेरी, फुलोरी आणि आग्या मधमाश्यांच्या फेऱ्यांचे फलित होय.

या माश्या केवळ स्ट्रॉबेरीवर जगू शकत नाहीत. त्यांना वर्षभर फुलोरा लागतो आणि तो जांभूळ, हिरडा, गेळा या वृक्षांपासून व काही वर्षांच्या अंतराने एकदम फुलणाऱ्या कारवीपासून मिळतो. सातेरीची कामकरी माशी पोळ्यापासून साधारण एक ते दीड किलोमीटर परिसरातच प्रामुख्याने चारा शोधते. तेवढ्या परिघात जंगल नसेल, तर शेतात ठेवलेली पेटी फार काळ टिकत नाही. १९९० च्या दशकात थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतातील सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या. एक रोग संपूर्ण व्यवसायाला कसा मोडीत काढू शकतो, हे तेव्हा मधपाळांनी अनुभवले.

महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव मे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले, ही म्हणूनच मोलाची घटना आहे. तेथे मध विकला जातो, पाहुण्यांना पेट्या दाखविल्या जातात, आणि जंगल राखण्यात गावाचा थेट आर्थिक हितसंबंध निर्माण होतो.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. केंद्राने जानेवारी २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला. या निर्बंधांमुळे घराची साधी दुरुस्तीही अवघड होते, अशी स्थानिकांची तक्रार असते. एकरभर स्ट्रॉबेरीपेक्षा चार खोल्यांचे निवासस्थान अधिक आणि अधिक निश्चित उत्पन्न देते, हे शेतकऱ्याचे गणितही चुकीचे नाही. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या डोंगरातील काही वाड्यांना उन्हाळ्यात पाण्याची चणचण भासते, आणि ऐन हंगामात पाणी शेताला की पाहुण्याला, असा प्रश्न उभा राहतो. परंतु प्रत्येकाने हेच गणित मांडले, तर पाहुणा ज्यासाठी येतो ते शेत आणि ते रान दोन्ही उरणार नाहीत. मग त्या चार खोल्यांचे उत्पन्नही निश्चित राहणार नाही.

हा प्रश्न आता महाबळेश्वरापुरता राहिलेला नाही. ‘नवीन महाबळेश्वर’ प्रकल्पासाठी सातारा जिल्ह्यातील २३५ गावांचे नियोजन महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे देण्यात आले आहे. जावळी, पाटण, सातारा व महाबळेश्वर तालुक्यांतील ही गावे पर्यटनाच्या उंबरठ्यावर आहेत. नियोजनाच्या नकाशात रस्ते, वाहनतळ आणि निवासव्यवस्था असणारच. फुलोऱ्याच्या वृक्षराजीला आणि आग्या माश्यांच्या कड्यांना त्यात स्थान असावे, ही मागणी ग्रामसभांनी आणि कृषी विभागाने आग्रहाने करावी.

शेताच्या पातळीवरील कामे त्याहून सोपी आहेत. फुलकिडे व लाल कोळी यांचा प्रादुर्भाव पाहून मगच फवारणीचा निर्णय घ्यावा. फुले उमललेली असताना मधमाश्यांना घातक कीटकनाशके टाळावीत. फवारणी अटळच असेल, तर माश्या पोळ्यात परतल्यानंतर सायंकाळी करावी व शेजारच्या मधपाळास आदल्या दिवशी कळवावे. बांधावरील जांभूळ, हिरडा तोडून शोभेची परदेशी झाडे लावण्याचा मोह आवरावा. विस्तार कार्यकर्त्यांनी कृषी पर्यटन केंद्राच्या प्रशिक्षणात खोल्या, भोजन व हिशेब यांच्या बरोबरीने परागीभवनाचा एक तास अवश्य ठेवावा. शेतात आलेल्या मुलांना फळ तोडण्यापूर्वी फुलावरची माशी दाखविली, तर ती सहल त्यांच्या अधिक काळ स्मरणात राहील.

माल्कमपेठ वसली तेव्हा जंगल अमाप होते आणि पाहुणे मोजके होते. आज हे प्रमाण उलटले आहे. नव्या २३५ गावांना जुन्या गावाकडून काही शिकावयाचे असेल, तर ते एवढेच की पाहुण्यांसाठी अंगण सजविताना परसातील रान मोडू नये.