गाईचा माज व आमची लाज

शाळेच्या वार्षिकांत गाईच्या माजाविषयीं लेख आलेला पाहून कित्येक वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील. काव्य, प्रवास, थोरांचीं चरित्रें हे विषय सोडून शिक्षकानें गोठ्यांत कां शिरावें, असा प्रश्न साहजिक आहे. परंतु आमचे पुष्कळसे विद्यार्थी ज्या घरांतून येतात, त्या घरांत वह्यापुस्तकांचा, कपड्यांचा व परीक्षेच्या शुल्काचा पैसा डेअरींत घातलेल्या दुधांतून उभा राहतो. गाय आटली कीं पहिली काटछाट मुलांच्या शिक्षणावर येते. म्हणून हा विषय शाळेचाच आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

गेल्या वर्षीं दहावींतील एक मुलगी पंधरा दिवस शाळेंत आली नाहीं. आम्ही तिच्या घरीं गेलों, तेव्हां तिच्या वडिलांनीं हात जोडून सांगितलें, "गुरुजी, गाय भाकड पडली. दावणीला उभी आहे, खाते, पण दूध नाहीं. पोरीला कांद्याच्या लागणीला न्यावें लागतें." गाय विऊन वर्ष लोटलें होतें, तरी ती गाभण राहिली नव्हती. वडिलांनीं रेतन करणाऱ्या माणसास दोष दिला, आजीनें नशिबास दिला. पुढें आमच्या एका शिक्षिकाबाईंपाशीं मुलीनें खरी गोष्ट सांगितली. पहाटे गोठा झाडणारी तीच. गाय रात्रभर हंबरते, शेपटीखालीं कांचेसारखा स्वच्छ सोट लोंबतो, हें तिनें तीनदां पाहिलें होतें. "पण बापाला हें कसें सांगायचें? लाज वाटते." आई पहाटेच दुसऱ्याच्या मळ्यांत कामास जाई. वडिलांच्या ध्यानांत येईपर्यंत दुसरा दिवस उजाडे, आणि बोलावलेला माणूस येई तेव्हां वेळ निघून गेलेली असे.

त्या मुलीस बोल लावण्यास आमची जीभ धजली नाहीं. विज्ञानाच्या पुस्तकांतील प्रजननाचा पाठ आला म्हणजे "हा घरीं वाचून या" असें म्हणून पान उलटणारे शिक्षक आम्हीच. जी लाज आम्हीं वर्गांत शिकविली, तीच तिनें गोठ्यांत पाळली.

गाईचा नियम साधा आहे. गाभण नसलेली निरोगी गाय सुमारें २१ दिवसांनीं माजावर येते. माज टिकतो तो साधारणतः बारा ते अठरा तास. पुष्कळदां तो रात्रीं किंवा पहाटे सुरू होतो, जेव्हां घर निजलेलें असतें. गाय हंबरते, चाऱ्याकडे लक्ष देत नाहीं, दूध कमी देते, वारंवार थोडी थोडी लघवी करते, दुसऱ्या गाईवर उडते. आणि दुसरी तिच्यावर उडाली असतां ती स्थिर उभी राहते, हें सर्वांत खात्रीचें लक्षण होय. ज्या घरीं एकच गाय आहे तेथें हें शेवटचें लक्षण दिसणार नाहीं. तेथें सोटावरच नजर ठेवावी लागते. कांहीं गाईंचा माज मुका असतो, त्या हंबरत नाहींत. स्त्रीबीज सुटतें तें माज संपल्यावर दहा-बारा तासांनीं, आणि सुटल्यावर तें थोडेच तास टिकतें. म्हणून सकाळीं माज दिसला तर त्याच सायंकाळीं, व सायंकाळीं दिसला तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं रेतन करावें, असा नियम पडला आहे. एक माज चुकला कीं २१ दिवस गेले. तीन चुकले कीं दोन महिन्यांहून अधिक काळ गेला. तितके दिवस वैरण व पेंड द्यावीच लागते. पुढचें वेत मात्र तितकें लांबतें.

लाज बाळगणाऱ्यांनीं या विद्येचा इतिहास पाहावा. १७८० च्या सुमारास इटलींतील लाझारो स्पालान्झानी यांनीं एका कुत्रीवर कृत्रिम रेतनाचा प्रयोग केला, व तिला तीन पिलें झालीं. हे गृहस्थ दीक्षित धर्मगुरु होते. सृष्टीचा हा व्यवहार अभ्यासण्यांत त्यांस कांहीं कमीपणा वाटला नाहीं. आपल्या देशांत १९३९ सालीं म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेंत संपत कुमारन् यांनीं गाईंवर ही पद्धति प्रथम वापरली. १९४९ सालीं इंग्लंडांत ग्लिसरीनच्या साह्यानें रेत गोठवून जिवंत राखण्याची युक्ति सांपडली, आणि दूरच्या उत्तम वळूचा लाभ लहान गांवास मिळण्याची वाट मोकळी झाली. महाराष्ट्रांत मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं उरुळीकांचन येथें 'बाएफ' ही संस्था स्थापिली व तिनें हें काम शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेलें. आज एक फोन केला कीं रेतन करणारा मोटारसायकलवर टाकी घेऊन येतो. पण फोन केव्हां करावयाचा, हें त्याला कोण सांगणार?

कोणी म्हणतात, गांवचा वळूच बरा होता, तो कधीं चुकत नसे. हें अगदीं खोटें नाहीं. मात्र तोच वळू एका गाईचा रोग दुसरीस देई, आणि वर्षानुवर्षें एकाच गांवांत राहून स्वतःच्या लेकींसहि फळवी. तरी माज त्याला कळे आणि आपणांस कळत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. वळू गेला, तेव्हां माज ओळखण्याचें त्याचें काम घरच्या माणसांवर आलें. आपण वळूच्या जागीं कांडी आणली. त्याची पारख मात्र शिकून घेतली नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. अशा गोष्टी मुलांच्या, विशेषतः मुलींच्या, कानीं पडूं नयेत असें कित्येक पालक मनापासून मानतात. त्यांच्या हेतूविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु जी मुलगी गोठा झाडते, धार काढते, गाय विते तेव्हां कंदील धरून उभी राहते, तिच्या डोळ्यांपासून आपण काय लपविलें? लपविले ते केवळ शब्द. शब्द नसले म्हणजे पाहिलेली गोष्ट सांगतां येत नाहीं, आणि न सांगितलेल्या गोष्टीचा दंड सर्व घरानें भरावा लागतो.

तेव्हां पालकांस आमची विनंती अशी, कीं गोठ्याच्या दारीं एक दिनदर्शिका टांगावी व ती मुलांच्या हातीं सोंपवावी. गाय व्याली तो दिवस, प्रत्येक माज, रेतनाची तारीख व कांडीवरील वळूचा क्रमांक तींत लिहावा. व्याल्यापासून दोन महिने होतां होतां सावध राहावें, व तीन महिन्यांपर्यंत माज दिसलाच नाहीं तर पशुवैद्यास दाखवावें. रेतनानंतर एकविसाव्या दिवसाच्या आसपास गाय पुन्हां उलटते काय तें पाहावें. आणि ती उलटली नाहीं तरी दोन-तीन महिन्यांनीं गर्भतपासणी करून घ्यावी.

कांडीवर वळूचा क्रमांक, जात व तारीख छापलेली असते. ती वाचून घेणें हा गाय पाळणाऱ्याचा हक्क आहे. ज्या वळूची गाय लेक, त्याच वळूचें रेत तिला देऊं नये. परंतु नोंदच नसेल तर तें कळावें कसें? शून्याखालीं १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नत्रांत ठेवलेली कांडी ३७ अंशांच्या कोमट पाण्यांत अर्धा मिनिट धरून मग वापरावयाची असते. नुसती तळहातावर चोळून ती वितळविली जात असेल तर नम्रपणें पाणी पुढें करावें. ज्या घरीं उन्हाळ्यांत चाऱ्याची ओढ असते त्यानें केवळ अति दुधाळ परदेशी रक्ताचा हट्ट धरूं नये. आपली वैरण पाहून जात निवडावी. कालवडीच व्हाव्या म्हणून निवडलेल्या रेताची कांडीहि आतां मिळते. तिच्यामुळें होणाऱ्या वासरांत शेंकडा सुमारें ९० कालवडी असतात. मात्र गाय गाभण राहण्याचें प्रमाण साध्या कांडीपेक्षां कांहींसें कमी असतें, हें जाणूनच ती घ्यावी. आणि सर्व कांहीं नीट केलें तरी पहिल्याच खेपेस यश येईल असें नाहीं. अशा वेळीं रेतन करणाऱ्याशीं भांडण्यापूर्वीं दिनदर्शिका उघडावी.

त्या मुलीच्या घरीं आतां अशी दिनदर्शिका आहे. पुढचा माज तिनें पहाटे पाहिला आणि आजीमार्फत वडिलांस कळविला. त्या खेपेस गाय उलटली. त्यापुढचा माज तिनें स्वतःच वडिलांस सांगितला, आणि गाय गाभण राहिली. दूध सुरू होण्यास नऊ महिने लागणार होते. तोंवर घरानें ओढाताण सोसली, परंतु मुलीस परीक्षेस बसविलें. आम्हींहि यंदा तो पाठ वर्गांत मोठ्यानें वाचला. पहिलीं दहा मिनिटें मुलें खुदखुदलीं, मग एकानें विचारलें, "सर, आमची गाय हंबरतच नाहीं, तर कसें ओळखायचें?" त्यानंतर तासाची घंटा होईपर्यंत प्रश्न थांबले नाहींत.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस सांगावयाचें तें एवढेंच. पहाटे गोठ्यांत जें पाहाल तें चुलीपाशीं येऊन सरळ सांगा. "गाय माजावर आहे" हे तीन शब्द "पाऊस आला" या शब्दांइतकेच निर्मळ आहेत. आणि पाऊस आल्याचें सांगतांना कोणी लाजत नाहीं.