दोन वादळांच्या मधले दिवस

ऑक्टोबर लागला की फ्लोरिडातल्या लोकांचे डोळे उत्तरेकडे लागतात. जूनपासून अंगाला चिकटलेला दमटपणा घालवणारी पहिली कोरडी, गार हवा तिकडूनच येते. एसी बंद होतो, खिडक्या उघडतात, संध्याकाळी अंगणात बसता येतं. अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असा मानला जातो आणि त्याचा सर्वाधिक जोर 10 सप्टेंबरच्या सुमारास असतो. ती तारीख मागे पडली की सुटलो, असं वाटू लागतं.

असं वाटणं स्वाभाविक आहे आणि धोक्याचंही. समुद्र जमिनीसारखा चटकन निवत नाही. आफ्रिकेच्या बाजूने येणारी वादळं ऑक्टोबरात कमी होतात, पण पश्चिम कॅरिबियन समुद्र वादळाला पोसण्याइतका तापलेलाच असतो. त्यातच ज्या गार हवेची सगळे वाट पाहतात, तिच्यासोबत वरच्या थरांत येणारे पश्चिमी वारे अनेकदा तिथल्या वादळाला ईशान्येकडे वळवतात. वाटेत फ्लोरिडा असतो. 2005मध्ये विल्मा असंच वळून 24 ऑक्टोबरला आलं. 10 ऑक्टोबर 2018 रोजी पाचव्या श्रेणीच्या मायकलने मेक्सिको बीच हे किनाऱ्यावरचं गाव जवळपास भुईसपाट केलं.

उशिरा येणाऱ्या वादळाला कधीकधी आधीच जखमी झालेला किनारा सापडतो, आणि खरी काळजी त्याची वाटायला हवी.

26 सप्टेंबर 2024 च्या रात्री हेलीन फ्लोरिडाच्या बिग बेंड भागात धडकलं. टॅम्पाचा परिसर तिथून बराच दक्षिणेला, तरी समुद्राचं पाणी तिथल्या घराघरांत शिरलं. भिजलेल्या गाद्या, सोफे, फ्रिज, उखडलेल्या भिंती यांचे ढीग रस्त्याकडेला लागले. ते पुरते उचलले जाण्याआधीच, 9 ऑक्टोबरला, मिल्टन आलं. ताशी दीडशे किलोमीटरच्या वाऱ्यात त्या ढिगातली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी खिडकीवर आदळू शकते. म्हणून कचराभूमी रात्रंदिवस उघड्या ठेवण्याचा आदेश राज्य सरकारला काढावा लागला आणि ट्रकवाले वादळ येईपर्यंत खेपा घालत राहिले. त्यांनी केलेलं काम मोठंच. पण त्यांच्यावर ती वेळ यायला नको होती.

2022मध्येही हेच झालं. सप्टेंबरअखेर इयनने डेटोना बीचच्या दक्षिणेकडची वाळू खरवडून नेली. सहा आठवड्यांनी, 10 नोव्हेंबरला, निकोल आलं. ते अवघ्या पहिल्या श्रेणीचं होतं, तरी आधार गेलेली घरं समुद्रात कोसळली.

राडारोडा उचलणं, वाळूचे बांध भरणं, नाले मोकळे करणं या कामांकडे निव्वळ दुरुस्ती म्हणून पाहिलं, की ती रांगेत थांबतात. त्यांची गणना पुढच्या वादळाच्या तयारीत व्हायला हवी. त्यासाठीचे ठेके आणि पैसे जूनपूर्वीच मंजूर असावेत आणि पाणी ओसरताच ट्रक रस्त्यावर यावेत, कॅलेंडरवर हंगामाचे कितीही कमी दिवस उरलेले असोत.