एअरब्रश रुसला तर...

मुलांनो, प्लॅस्टिकची विमानं, रणगाडे, जहाजं जोडून रंगवायचा छंद तुमच्यापैकी काहींना नक्की असेल. हा छंद एकदा जडला की आधी रंगांच्या छोट्या बाटल्या येतात, मग बारीक ब्रश येतात आणि एखाद्या वाढदिवसाला हट्ट करकरून एअरब्रशही येतो. पहिले दोन दिवस तो झकास चालतो. तिसऱ्या दिवशी मात्र फवारा सोडायचं सोडून तो चक्क थुंकायला लागतो! विमानाच्या पंखावर ठिपकेच ठिपके. मग घरात दोनपैकी एक वाक्य ऐकू येतं. एक तर, "दुकानदारानं फसवलं!" नाहीतर, "तुला जमतच नाही, उगाच पैसे घातले."

थांबा! ही दोन्ही वाक्यं घाईची आहेत. 'नाचता येईना अंगण वाकडं' असं म्हणून आपण दुसऱ्याला चिडवतो खरं. पण अंगण खरंच वाकडं आहे की काय, हे कुणी तपासून पाहतं का? आज आपण तेच करू या.

फ्लिटच्या पंपाचा भाऊ

डासांवर औषध मारायचा हातानं दाबायचा फ्लिटचा पंप तुमच्या आजी-आजोबांनी पाहिलेला आहे. विचारा त्यांना. त्यात नळीच्या तोंडावरून जोरात हवा जाते, तिथला दाब कमी होतो, औषध नळीतून वर ओढलं जातं आणि हवेच्या झोतात त्याचे बारीक बारीक थेंब होतात. एअरब्रश चालतो तो याच युक्तीवर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत आयोवा राज्यातल्या ॲबनर पीलर यांनी त्याचा पहिला अवतार बनवला. पुढे १८९०च्या दशकात चार्ल्स बर्डिक यांनी त्याला आजच्यासारखं पेनाचं रूप दिलं. तेव्हा त्याचा मोठा उपयोग व्हायचा तो फोटो रंगवायला!

एअरब्रशच्या पोटात एक लांब, निमुळती सुई असते. पुढच्या नोझलच्या भोकात ती बुचासारखी बसते. खटका खाली दाबला की हवा सुटते आणि मागे ओढला की सुई मागे सरकून रंगाला वाट देते. म्हणजे इथे तीनच मंडळी काम करतात : हवा, रंग आणि सुई-नोझल. बिघाड झाला की गुन्हेगार या तिघांतच असतो, बरं का!

पण एअरब्रश हवाच कशाला?

एक गणित करू. मिग-२१ हे लढाऊ विमान आपल्या हवाई दलात १९६३ साली आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झालं. आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यातही ती विमानं बनली. त्याच्या पंखांची रुंदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७.१५ मीटर. १:७२ मापाच्या प्रतिकृतीत ती होते जेमतेम १० सेंटिमीटर. आता समजा, तुम्ही ब्रशनं ०.१ मिलिमीटर जाडीचा रंग फासलात. खऱ्या विमानाच्या हिशेबानं तो थर किती जाड होईल? ०.१ गुणिले ७२, म्हणजे ७.२ मिलिमीटर! इतक्या जाड रंगाखाली पत्र्यांच्या जोडांच्या बारीक रेघा बुजणारच. एअरब्रश अगदी पातळ थर देतो, म्हणून तो उपयोगाचा.

तरी सगळीच कामं त्याची नव्हेत, हेही लक्षात ठेवा. पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत मूर्तीच्या अंगाला रंग फवाऱ्यानं देतात, पण डोळ्यांची आखणी करायला कारागीर हातात ब्रशच घेतो. तुमच्या चिमुकल्या सैनिकांचे चेहरेही तसेच, ब्रशनंच रंगवायचे.

आधी पाणी उडवून पाहा

आता तपासणी. रंगाची वाटी रिकामी करून धुऊन घ्या. तीत साधं स्वच्छ पाणी घाला आणि कोऱ्या कागदावर फवारा मारा. पाण्याचा फवारा एकसारखा, धुक्यासारखा आला, तर तुमचा एअरब्रश ठणठणीत आहे. दोष रंगात आहे. पाणीसुद्धा थुंकत थुंकत आलं, तर दोष हवेत किंवा सुई-नोझलमध्ये. या एका चाचणीनं निम्मं काम होतं आणि तिला खर्च काही नाही!

आधी रंगाकडे पाहू. बाटलीतला रंग बहुतेक वेळा जाड असतो. तो किती पातळ करायचा? म्हशीच्या सायीच्या दुधासारखा नाही, गाईच्या दुधासारखा. वाटीच्या कडेला थेंब लावला की तो सहज ओघळला पाहिजे आणि मागे पातळ पापुद्रा राहिला पाहिजे. रंग ज्या कंपनीचा, त्याच कंपनीचा थिनर शक्यतो वापरा. भलताच थिनर घातला तर काही ॲक्रिलिक रंग चक्क नासतात, दुधासारखे फाटतात. म्हणून मिश्रण नेहमी वेगळ्या छोट्या वाटीत करायचं, मगच ते एअरब्रशमध्ये ओतायचं.

रंगवलेला भाग स्वतःच सांगतो, काय चुकलं ते :

- पृष्ठभाग पॉलिश कागदासारखा खरखरीत झाला? मग तुम्ही फार लांबून फवारता आहात किंवा हवेचा दाब जास्त आहे. थेंब वाटेतच वाळतात.
- रंगाला कोळ्यासारखे पाय फुटले? मग रंग फार पातळ आहे, एकदम फार सोडला आहे किंवा तुम्ही फार जवळ गेला आहात.
- मध्येच ठिपके उडतात? सुईच्या टोकावर रंग वाळला असेल. ॲक्रिलिकमध्ये हे फार होतं. ओलसर कापसाच्या काडीनं टोक अलगद पुसा.

आता हवा. मोटारीच्या चाकात हवा भरताना पीएसआय हा शब्द तुम्ही ऐकला असेल. तिथे साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा लागते. एअरब्रशला १५ ते २० पुरते. पावसाळ्यात आणखी एक भानगड होते. हवेत बाष्प भरपूर असतं. कॉम्प्रेसरमध्ये हवा दाबली जाते, पुढे ती थंड होते आणि बाष्पाचं पाणी होतं. ते पाणी फवाऱ्यातून थेंबाथेंबानं बाहेर पडतं. वाटी कोरडी ठेवून कागदावर नुसती हवा सोडा. ओले ठिपके दिसले, तर चोर सापडला! नळीच्या वाटेवर पाणी अडवणारी बाटली हवी आणि कॉम्प्रेसरला टाकी असेल तर काम संपल्यावर तिच्यातलं पाणी काढून टाकायला हवं.

शेवटी सुई आणि नोझल. वाटीतल्या रंगात बुडबुडे येत असतील, तर हवा उलटी मागे येते आहे. नोझल सैल आहे, नीट बसलेलं नाही, तुंबलं आहे किंवा त्याला चीर गेली आहे. फवारा एका बाजूला जात असेल, तर सुईचं टोक बहुधा वाकलं आहे. खटका मागे ओढूनही रंग येत नसेल, तर सुई धरून ठेवणारा मागचा नट सैल आहे का, ते बघा. आणि नुसती हवा सोडली तरी रंग येत असेल, तर सुई पुढे पूर्ण टेकलेली नाही.

सगळ्यात महत्त्वाचा नियम : एका वेळी एकच गोष्ट बदला. दाबही कमी केला, थिनरही वाढवला आणि सुईही काढून घासली, तर गुण कशानं आला हे कळणार कसं? एक छोटी वही करा. रंग, थिनर किती, दाब किती, फवारा कसा आला, हे लिहीत जा. प्रयोगवहीत आपण दुसरं काय करतो?

धुण्याची सवय

रंग बदलताना दरवेळी पाणी किंवा क्लीनर उडवून वाटी स्वच्छ करा. दिवसाचं काम संपलं की सुई काढून पुसा. नोझल टाचणीनं कोरू नका. त्याचं भोक मोठं झालं की ते कामातून गेलं. नट बोटांनी हलकेच आवळा, पकडीनं पिळू नका. आख्खा एअरब्रश रात्रभर थिनरमध्ये बुडवून ठेवू नका, आतले रबरी वॉशर फुगतात. आणि धुताना खाली ताटली ठेवा. नोझल तांदळाच्या दाण्याएवढं असतं. मोरीत गेलं की गेलंच!

विकत घेताना

अजून घेतला नसेल, तर घाई नको. दोन-तीन प्रतिकृती ब्रशनं रंगवा. छंद टिकला तर मग दुकानात जा. वर वाटी असलेला, खटका दाबून हवा आणि ओढून रंग देणारा, ०.३ मिलिमीटर नोझलचा एअरब्रश बहुतेक सगळ्या कामांना चालतो. ०.२ फार बारीक कामाला. त्यात रंग लवकर तुंबतो. ०.५ मोठ्या भागांना आणि प्रायमरला. दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा : "याची सुई, नोझल आणि वॉशर सुटे मिळतात का?" उत्तर 'नाही' आलं, तर तो कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या. वाकलेल्या एका सुईपायी सगळा एअरब्रश टाकावा लागेल.

हवेसाठी दाब कमी-जास्त करता येणारा, दाबाचा काटा असलेला कॉम्प्रेसर घ्या. टाकी असेल तर हवा धक्के न देता एकसारखी येते. हवेचे डबेही मिळतात, पण वापरता वापरता ते गार पडतात आणि दाब उतरतो. ते लवकर संपतात, हे वेगळंच.

आई-बाबांसाठी चार शब्द

फवाऱ्यातले थेंब इतके बारीक असतात की ते श्वासाबरोबर थेट आत जातात. रंग पाण्यात मिसळणारा असला म्हणून तो छातीत गेलेला चालतो, असं मुळीच नाही. तेव्हा उघडी खिडकी, तोंडाला नीट बसणारा एन-९५ मास्क आणि डोळ्यांना चष्मा, याशिवाय खटक्यावर बोट नको. हा मास्क थेंब अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. म्हणून उग्र वासाचे लॅकर रंग मुलांना देऊच नका. ते रंग पेटतातही, त्यामुळे गॅस, निरांजन, उदबत्ती त्यांच्याजवळ नकोच. हवेचा झोत गमतीतसुद्धा कुणाच्या अंगावर, कानात, डोळ्यांवर सोडायचा नाही. आणि हो, पहिला बिघाड झाल्यावर मुलाला रागावण्याआधी त्याच्याबरोबर पाण्याची चाचणी करून पाहा. यंत्र का बिघडलं हे स्वतः शोधून काढलेलं मूल पुढे सायकल, पंखा, कशालाच भीत नाही.

तर मग दोस्तांनो, या रविवारचा गृहपाठ! आइस्क्रीमचे जुने प्लॅस्टिकचे चमचे धुऊन वाळवून ठेवा. एकावर ५ सेंटिमीटरवरून, दुसऱ्यावर १० वरून, तिसऱ्यावर २० वरून तोच रंग, तोच दाब ठेवून फवारा. मास्क लावायला विसरू नका, हं! वाळल्यावर बोट फिरवून बघा, कोणता चमचा सगळ्यात गुळगुळीत लागतो? उत्तर वहीत लिहा. मगच विमानाच्या पंखाला हात लावायचा!