विजयांचा हिशेब

क्रीडांगणावरील यश आपण बहुधा आंकड्यांनीं मोजतों. अमक्यानें किती सामने जिंकले, किती ढाली मिळविल्या, किती वर्षें हार खाल्ली नाहीं, एवढें सांगितलें म्हणजे त्या खेळाडूविषयीं सांगावयाचें सर्व सांगून झालें, असें आपणांस वाटतें. ही समजूत कितपत खरी आहे हें पाहण्यास मेक्सिको देशांतील प्रसिद्ध मुष्टियोद्धा हुलिओ सेसार चावेस याच्या चरित्राएवढें बोधप्रद उदाहरण आम्हांस दुसरें आढळत नाहीं. त्याच्या नांवावर जेवढा मोठा आंकडा आहे, तेवढा फार थोड्यांच्या वांट्यास आला असेल. परंतु आमचें म्हणणें असें कीं, या पुरुषाची खरी थोरवी त्या आंकड्यांत नाहीं. इतकेंच नव्हे, तर त्या आंकड्याच्या मोहानें त्याचें व इतरांचें नुकसानच अधिक झालें.

चावेसचा जन्म १२ जुलै १९६२ रोजीं सोनोरा प्रांतांतील सिउदाद ओब्रेगोन येथें झाला. त्याचे वडील आगगाडीच्या नोकरींत होते. सिनालोआ प्रांतांतील कुलियाकान शहरीं हें मोठें कुटुंब आगगाडीच्याच एका टाकून दिलेल्या डब्यांत राहत असे. आई लोकांचे कपडे धुऊन व इस्त्री करून संसारास हातभार लावी. तिला एके दिवशीं चांगलें घर घेऊन द्यावयाचें, या निश्चयानें आपण मुष्टियुद्धाकडे वळलों, असें त्यानें स्वतःच सांगितलें आहे. १९८० सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, तो धंदेवाईक मुष्टियोद्ध्यांत सामील झाला. १९८४ सालीं लॉस एंजल्स येथें मारिओ मार्टिनेझ याचा आठव्या फेरींत पराभव करून त्यानें जगज्जेतेपद मिळविलें, आणि १९८९ पर्यंत तीन निरनिराळ्या वजनगटांत तो जगज्जेता झाला.

त्याची लढण्याची पद्धत दिखाऊ नव्हती. प्रतिस्पर्ध्याभोंवतीं नाचत फिरणें त्यास ठाऊक नव्हतें. एकेक पाऊल पुढें टाकीत तो रिंगणांतील मोकळी जागा कमी करीत जाई, आणि समोरच्यास दोरांशीं गांठून डाव्या हाताचे ठोसे त्याच्या बरगड्यांखालीं, यकृतावर लगावी. डोक्यावरील ठोसा माणसास एकदम पाडतो. बरगड्यांखालील ठोसा त्याचा दम हळूहळू काढून घेतो. म्हणून चावेसचे सामने पुष्कळदां शेवटच्या फेऱ्यांत निकालास लागत. हा धीर, ही चिकाटी व मार सोसण्याची ही शक्ति निःसंशय कौतुकास पात्र आहे.

आतां त्या आंकड्याकडे वळूं. पहिल्या चौदा वर्षांत, नव्वद सामन्यांत, चावेस एकदांही हरला नाहीं, असें कागद सांगतो. पण १९८१ सालच्या मार्च महिन्यांत कुलियाकान येथें मिगेल रुईझ याच्याशीं झालेल्या सामन्यांत घंटा झाल्यावर ठोसा मारल्याबद्दल चावेस अपात्र ठरला होता. दुसऱ्या दिवशीं तेथील मुष्टियुद्ध मंडळानें तो निकाल फिरवून विजय चावेसला दिला. त्याचा व्यवस्थापकच त्या मंडळाचा सभासद होता! ग्रेग हॉगन या अमेरिकन योद्ध्यानें तर चावेसनें हरविलेले बहुतेक गडी म्हणजे तिहुआना गांवचे टॅक्सी हांकणारे होत, अशी थट्टा केली. या थट्टेचें उत्तर चावेसनें २० फेब्रुआरी १९९३ रोजीं मेक्सिको शहरांतील अॅझ्टेक क्रीडागारांत, एक लक्ष बत्तीस हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर, पांचव्या फेरींत दिलें. आणि ते टॅक्सीवाले मोठे कणखर असले पाहिजेत, अशी कबुली हॉगनला द्यावी लागली. तथापि त्याच वर्षीं सप्टेंबरांत सॅन अँटोनिओ येथें पर्नेल व्हिटेकर याच्याशीं झालेला सामना बरोबरींत सुटला असें जाहीर झालें, तेव्हां विजय व्हिटेकरचाच होता असें बहुतेक जाणत्यांचें मत पडलें. आंकडा शाबूत राहिला. परंतु त्याची शोभा गेली.

पण या सर्वांहून विचार करण्यासारखा सामना १७ मार्च १९९० रोजीं लास वेगास येथें झाला. प्रतिस्पर्धी होता मेल्ड्रिक टेलर. १९८४ च्या ऑलिंपिक सामन्यांतील सुवर्णपदक मिळविलेला हा तरुण तोंपर्यंत चावेसप्रमाणेंच अजिंक्य होता. त्याच्या हातांच्या चपळाईपुढें चावेस मागें पडला, आणि अकरा फेऱ्या संपल्या तेव्हां तीन परीक्षकांपैकीं दोघांच्या हिशेबीं टेलर फार पुढें होता. बाराव्या फेरींत नुसतें उभें राहिलें असतें तरी तो जिंकला असता. परंतु चावेसच्या ठोशांनीं त्याचें तोंड सुजलें होतें, तो रक्त गिळीत होता, त्याच्या चेहऱ्याचें हाड मोडलें होतें. शेवटच्या क्षणीं तो खालीं पडला आणि दोराच्या आधारानें उठला. पंच रिचर्ड स्टील यानें त्यास ठीक आहेस काय, असें दोनदां विचारलें. उत्तर आलें नाहीं. स्टीलनें सामना थांबविला. घड्याळांत दोन सेकंद उरले होते.

या निकालावर पुष्कळ वादंग माजलें. दोन सेकंदांत चावेसला आणखी एक ठोसा मारतां आला नसता. मग टेलरचा न्याय्य विजय हिरावून कां घेतला, असा आक्षेप आहे. आक्षेप निर्बळ नव्हे. पण आम्ही स्टीलच्या बाजूचे आहों. कोणत्याही सामन्याचें मोल माणसाच्या जिवाएवढें नाहीं, असें तो म्हणाला, आणि आमच्या मतें पंचाचा पहिला धर्म हाच. याच लास वेगास शहरीं १९८२ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत दक्षिण कोरियाचा डुक-कू किम चौदाव्या फेरींत पडला आणि कांहीं दिवसांनीं मरण पावला; त्यानंतरच जगज्जेतेपदाचे सामने पंधरा फेऱ्यांवरून बारांवर आले. किमच्या वेळींही कोणी तरी आणखी थोडें चालूं द्या असेंच म्हटलें असेल. टेलर जगला, पण पूर्वींची चपळाई त्यास फिरून लाभली नाहीं, आणि पुढें त्याचें बोलणेंही जड झालें. कागदावर मात्र एवढेंच उरलें: चावेस, आणखी एक विजय. त्या रात्रीं कोण अधिक चांगला लढला, कोणी काय गमावलें, पंचानें कोणतें ओझें पत्करलें, यांपैकीं कांहींच तो आंकडा सांगत नाहीं.

२९ जानेवारी १९९४ रोजीं फ्रँकी रँडल यानें चावेसला प्रथमच जमिनीवर पाडलें व प्रथमच हरविलें. त्या सामन्यांत कमरेखालीं मारल्याबद्दल त्याचे दोन गुण कापणारा पंच तोच रिचर्ड स्टील होता. चावेसनें पराभवाचें खापर त्याच्यावर फोडलें. ज्याच्या एका निर्णयानें आपला आंकडा वांचला, त्याचाच दुसरा निर्णय मानवेना! आंकड्याचा मोह माणसास किती अन्यायी करतो पाहा.

कोणी म्हणेल, जयापजय मोजावयाचाच नाहीं तर खेळावें कशाला? मोजूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. हिशेब हा खेळाचा भाग आहे. तो मनुष्याचें माप नव्हे, एवढेंच आमचें म्हणणें. कारण ज्या वर्षांत तो आंकडा वाढत होता, त्याच वर्षांत चावेस दारू व कोकेन यांच्या आहारीं जात होता, हें त्यानें पुढें स्वतःच जाहीरपणें सांगितलें. लक्षावधि लोक जयघोष करीत असतांना हा माणूस आंतून हरत होता, आणि जयघोषामुळें तें कोणास ऐकूं येत नव्हतें.

२००५ सालीं तो निवृत्त झाला: ११५ सामने, १०७ विजय, ६ पराभव, २ बरोबरीचे. त्यानंतर त्याच्या मुलांनीं पुढाकार घेऊन त्यास उपचारगृहांत ठेवविलें आणि तो व्यसनांतून बाहेर आला. २०११ सालीं मुष्टियोद्ध्यांच्या आंतरराष्ट्रीय कीर्तिमंदिरांत त्याचा समावेश झाला. परंतु आम्हांस त्याहून मोठी वाटणारी गोष्ट अशी कीं, त्यानें आपली लाज झांकून ठेवली नाहीं. ज्या देशानें त्यास अजिंक्य म्हणून डोक्यावर घेतलें, त्याच देशापुढें उभें राहून आपण कसे पडलों हें त्यानें सांगितलें, आणि व्यसनग्रस्तांसाठीं तिहुआना येथें उपचारगृह काढलें. तेथें बऱ्या होणाऱ्या माणसांचा विजय कोणत्याही नोंदवहींत चावेसच्या नांवावर चढत नाहीं.

आमच्या विद्यालयांतही ढाली आहेत, पहिले क्रमांक आहेत आणि ते लिहिण्याचे फळे आहेत. ते असावेत. मात्र फळ्यावर वरचेवर ज्याचें नांव येतें, त्याच्या पाठीवर थाप मारतांना तो कसा आहे, हेंही कोणी तरी विचारीत जावें. पंचानें विचारलेल्या प्रश्नास टेलरला उत्तर देतां आलें नाहीं. चावेसला तर तो प्रश्न कित्येक वर्षें कोणी विचारलाच नाहीं. आपल्या सोबत्यांच्या बाबतींत आपण इतका उशीर करूं नये, एवढीच आमची विनंति आहे.