तपासणी वस्तीच्या दारी

क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली जगाला दाखवून दिले. आज हा रोग औषधाने बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यांत तपासणी व औषधे दोन्ही विनामूल्य मिळतात. असे असूनही जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण आपल्या देशात आहेत, आणि २०२५ सालापर्यंत क्षयाचे उच्चाटन करण्याचा संकल्प सिद्धीस गेलेला नाही. दोष विज्ञानाचा नव्हे. मग तो कोठे आहे?

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत त्याचे उत्तर सापडते. क्षयाची लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोकांनी उपचारासाठी कोणाकडेच धाव घेतली नव्हती. हा केवळ अज्ञानाचा परिणाम मानणे अन्यायाचे होईल. विनामूल्य म्हणजे बिनखर्ची नव्हे! गोवंडी-मानखुर्दच्या वस्तीतील मजूर रांगेत उभा राहिला की त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. अहवालासाठी पुन्हा एक दिवस जातो. घरात लग्नाची मुलगी असली तर खोकलासुद्धा शेजाऱ्यांपासून लपवावा लागतो.

मजुरी वाचवायची तर तपासणीनेच वस्तीत गेले पाहिजे, आणि धास्ती घालवायची तर तेथे ओळखीचे माणूस पाहिजे. क्षयातून बरी झालेली शेजारीण जे समजावू शकते, ते दहा भित्तिपत्रकांना साधणार नाही. २०२० साली करोनाच्या साथीत धारावीत महापालिकेच्या जोडीला तेथलेच खासगी डॉक्टर तपासणीसाठी उतरले, तो अनुभव ताजा आहे. त्याच राष्ट्रीय पाहणीत छातीचा एक्स-रे काढला नसता तर सुमारे ४३ टक्के रुग्ण निसटले असते. आता एक्स-रेचे यंत्र हातात धरून नेता येते. ते समाजमंदिरात किंवा महिला मंडळाच्या खोलीत संध्याकाळी अथवा रविवारी का चालू नये? दिवस आणि वेळ वस्तीनेच ठरवावी.

मात्र लोकसहभागाच्या नावाखाली शासनाने आपले ओझे गरिबांच्या खांद्यावर टाकू नये. या कामासाठी राबणाऱ्या स्त्रीपुरुषांना योग्य मानधन मिळाले पाहिजे, आणि रोग सापडताच औषध हाती पडले पाहिजे. २०२४ साली देशात अनेक ठिकाणी क्षयाच्या औषधांचा तुटवडा पडला होता. रोगाचे नाव सांगून रुग्णाला रिकाम्या हाताने परत पाठविणे हे तपासणी न करण्याहूनही निष्ठुर आहे.

आणि आमच्या सुशिक्षित वाचकांचे काय? आपल्या घरी धुणीभांडी करणारी बाई दोन आठवडे खोकत असेल, तर तिला कामावरून दूर करणे सोपे आहे. पगार न कापता तिला तपासणीसाठी रजा देणे, आणि बरी होऊन आल्यावर तिचे काम तिला परत देणे, हे त्याहून थोडेसेच कठीण आहे. तेवढे आपण केले, तर वस्तीत खोकला लपविण्याचे एक मोठे कारण नाहीसे होईल.