शिव्या खाणारा आपला माणूस

खानदेशातल्या यात्रेत तंबूतला सिनेमा लागला, की जळगाव-धुळ्याच्या खेड्यांतल्या आयाबाया पोरंबाळं घेऊन यायच्या. पडद्यावर निळू फुले आले की शिव्या सुरू! असा पाटील, असा सरपंच त्यांनी गावात भोगलेला होता.

पण हा माणूस कोण? पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेला. 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगनाट्याने नाव झाले. १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'ने सिनेमात आणले. १९७२ साली रंगभूमीवर 'सखाराम बाइंडर' गाजला. पुढे 'सामना'त ते साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील झाले, तर १९७९ च्या 'सिंहासन'मध्ये सत्तेचा खेळ पाहणारे पत्रकार दिगू टिपणीस.

कार्यकर्त्यांची चूल पेटती राहावी म्हणून सामाजिक कृतज्ञता निधीसाठी ते डॉ. श्रीराम लागूंबरोबर झटले. १३ जुलै २००९ रोजी ते गेले.

जुलमी माणूस त्यांनी इतका खरा उभा केला, कारण ते स्वतः जुलमाच्या विरुद्ध उभे होते. त्यांचा सिनेमा लागला, तर हे मुलांना जरूर सांगा, एवढेच आमचे म्हणणे.