बॅटरीचे आयुष्य आणि आमची हयगय

सांप्रत खेडोपाडी पाठीवरचा फवारणी पंप हाताच्या दांड्याऐवजी बॅटरीवर चालू लागला आहे, आणि नाशिक व सांगलीकडील द्राक्षबागांत छाटणीची कात्रीही बॅटरीवर चालताना दिसते. या साधनांनी माणसाच्या खांद्याचे व मनगटाचे श्रम पुष्कळ हलके केले, यात संशय नाही. परंतु साधन शाबूत असता केवळ बॅटरी गेली म्हणून ते माळ्यावर जाऊन पडावे, हा प्रकारही तितकाच सार्वत्रिक झाला आहे. कपाशीवर कीड दिसावी, फवारणीस चार दिवस थांबण्याची सोय नसावी, आणि नेमका त्याच सकाळी पंप दोन टाक्यांत बसावा, हा अनुभव आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस असेल. अशा वेळी जो तो बॅटरीस दोष देतो. आमचे मत निराळे आहे. बॅटरी कामाने झिजते हे खरे. पण आमच्याकडे ती बहुधा काम नसतानाच मरते, आणि तिला मारणारी आमची हयगय होय.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की बॅटरी या एका नावाखाली आपण दोन अगदी भिन्न जातींच्या वस्तू वापरतो. फवारणी पंपात बहुधा 12 व्होल्टची, 8 अँपिअर-तासांची बंद शिसे-आम्लाची बॅटरी असते. कात्री, ड्रिल, लहान करवत यांत लिथियमची असते. दोहोंची निगा राखण्याचे नियम एकमेकांच्या उलट आहेत, आणि विक्रेता हे क्वचितच सांगतो.

शिसे-आम्लाची बॅटरी वीज देते तेव्हा तिच्या दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर शिशाचे सल्फेट जमते. ती लागलीच भरली तर ते पुन्हा पूर्वरूपास जाते. रिकामी तशीच ठेवली तर त्याच सूक्ष्म कणांचे कठीण खडे बनतात आणि मग ते भरणीच्या विजेस दाद देत नाहीत. खरीप आटोपला, दिवाळीनंतर पंप धुतला न धुतला करून पत्र्याच्या खोलीत टांगला, आणि जूनमध्ये काढला, म्हणजे या आजारास सात महिने मोकळे रान मिळाले. त्यात उन्हाळ्याची धग. उष्णता दहा अंशांनी वाढली तर या बॅटरीचे आयुष्य सुमारे निम्म्याने घटते, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. म्हणून हिला पूर्ण भरूनच ठेवावे, घरातील थंड जागी ठेवावे, आणि दर दोन महिन्यांनी पुन्हा भरावे. भरल्यानंतर काही तास विसावलेली निरोगी बॅटरी 12.7 व्होल्टच्या आसपास दाखविते, आकडा 12.4 वर आला की भरण्यास विलंब करू नये.

लिथियमच्या बॅटरीस उलट पूर्ण भरून ठेवणे मानवत नाही. गोडी छाटणी आटोपून खरड छाटणीस एप्रिल उजाडेपर्यंत कात्री स्वस्थ असते. त्या काळात बॅटरी निम्मी भरलेली, कात्रीतून काढून, सावलीत ठेवावी. अगदी रिकामी ठेवली तर आतील संरक्षक पाटी थोडी थोडी वीज खात राहते, आणि घटाचा दाब फारच खाली गेला की आतील तांबे विरघळू लागते. असा घट पुन्हा भरल्यास त्यात आतल्या आत जोड होऊन आग लागण्याचे भय असते.

आता मेलेल्या बॅटरीस जिवंत करण्याच्या उपायांविषयी. चांगल्या बॅटरीस जोडून क्षणभर जोराचा प्रवाह द्यावा, हा तोडगा फार ऐकिवात आहे. त्याचे मूळ जुन्या निकेल-कॅडमियमच्या बॅटरीत आहे. तारेविना चालणारे पहिले विद्युत ड्रिल 1961 मध्ये अमेरिकेत निघाले ते याच घटांवर. त्यांच्यात धातूचे बारीक तंतू वाढून आत जोड होत असे, आणि जोराच्या प्रवाहाने तो तंतू जळून घट काही दिवस चाले. म्हणजे तेथेही तो उपाय तात्पुरताच होता. तोच प्रयोग लिथियमवर करणे म्हणजे घरात निखारा आणून ठेवणे होय. शिसे-आम्लाच्या बंद बॅटरीचे झाकण उचकटून पाणी घालणे हाही असाच खटाटोप. सुकलेली बॅटरी त्याने थोडी हालचाल दाखविते, पण कठीण झालेले सल्फेट हटत नाही, आणि फवारणीच्या ऐन दिवशी ती पुन्हा दगा देते. ज्या उपायावर पिकाचा भरवसा टाकता येत नाही, तो उपाय फुकट असला तरी महागच म्हटला पाहिजे.

तेव्हा बदल करणे हेच उरते. पण तोही डोळस असावा. बॅटरी खरोखर गेली की नाही हे प्रथम पाहावे. पूर्ण भरलेल्या 8 अँपिअर-तासांच्या बॅटरीस मोटारगाडीचा 55 वॅटचा दिवा जोडला असता तो सुमारे तासभर चालावा. अर्ध्या तासाच्या आतच दाब 11 व्होल्टच्या खाली उतरला तर तिची आशा सोडावी. नवी घेताना तयार झाल्याचा महिना पाहावा, कारण दुकानात न भरता पडून राहिलेली बॅटरीही त्याच सल्फेटाची शिकार असते. ती तराजूतही घालावी. या मापाच्या चांगल्या बॅटरीचे वजन सव्वादोन ते अडीच किलो भरते. पुष्कळ हलकी असल्यास आत शिसे कमी आहे असे समजावे.

कात्रीच्या बॅटरीत पाच घट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकाचा साधारण दाब 3.6 व्होल्ट, पूर्ण भरल्यावर 4.2, म्हणून बाजारात एक जण तिला 18 व्होल्टची म्हणतो व दुसरा 21 ची, तरी वस्तू एकच. पाचांतील एक अधू झाला तर सगळी बॅटरी बसते. पण तेवढा एकच बदलू नये. नव्याजुन्यांची जोडी शेतातल्या तरण्या व थकल्या बैलांच्या जोडीसारखी असते. ओढ सारखी राहत नाही. पाचही घट एकाच जातीचे व क्षमतेचे, निकेलच्या पट्टीने वेल्ड करून, माहितगाराकडूनच बसवावेत. 18650 या मापाच्या चांगल्या घटाची क्षमता 3,600 मिलिअँपिअर-तासांच्या फार पुढे जात नाही. वेष्टनावर 9,900 छापले असेल तर तो उघड खोटेपणा आहे. आणखी एक धोका सांगणे अवश्य आहे. पंपात शिशाऐवजी तीन लिथियम घटांची हलकी बॅटरी बसवून जुनाच चार्जर चालू ठेवणारे लोक आढळतात. त्या बॅटरीची कमाल मर्यादा 12.6 व्होल्ट, आणि जुना चार्जर देतो 14 हून अधिक. बॅटरीबरोबर चार्जर बदललाच पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, एवढ्या उठाठेवीपेक्षा नवे साधनच का घेऊ नये? नव्या पंपाहून त्याची बॅटरी पुष्कळ स्वस्त पडते, हे एक उत्तर. दुसरे याहून महत्त्वाचे आहे. पंपाची बॅटरी सर्वत्र एकाच मापाची असल्यामुळे तालुक्याच्या गावी सहज मिळते. कात्रीची मात्र ज्याची त्याची वेगळी, म्हणून कंपनीने ती बनविणे थांबविले की चांगली कात्रीही भंगार ठरते. ग्राहक एकेकटा असेतोपर्यंत हे असेच चालणार. युरोपीय संघाने लहान बॅटऱ्या वापरणाऱ्यास स्वतः काढून बदलता याव्यात असा नियम 2023 मध्ये केला असून त्याचा अंमल फेब्रुवारी 2027 पासून ठरविला आहे. आपल्याकडेही खरेदी करणाऱ्या संघांनी तशीच अट घातली तर ती ऐकावी लागेल.

म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक तालुका शाखेने एक व्होल्टमापक, एक दिवा व एक भरवशाचा कारागीर एवढी तजवीज करावी, मृग लागण्यापूर्वी सभासदांच्या बॅटऱ्या तपासून द्याव्यात, आणि नव्या बॅटऱ्या एकत्र खरेदी कराव्यात. निकामी बॅटऱ्याही तेथेच जमा व्हाव्यात. भारत सरकारच्या 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी त्या परत घेऊन त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. त्या जमिनीत पुरणे व जाळणे वर्ज्य आहे. अंगणात बॅटरी फोडून शिसे वितळविणारा भंगारवाला चार पैसे अधिक देईल, पण ते शिसे विहिरीच्या पाण्यात व मुलांच्या अंगात शिरते, आणि मुलांच्या मेंदूस झालेली इजा मागाहून भरून येत नाही.

बैल काम नसतानाही वैरण खातो, हे आपण जाणतो आणि उन्हाळाभर त्याची वैरण राखून ठेवतो. बॅटरीस दोन महिन्यांतून एका रात्रीची वीज पुरते. तेवढी देण्याचे आपण लक्षात ठेवले तर ऐन हंगामात पुष्कळांचे पीक वाचेल. तरी सभासदांनी या सूचनेचा येत्या बैठकीत विचार करावा, अशी विनंती आहे.